पाना १२ वर लावला आणि आटे गेले: टॉर्कच्या एककांचा घोळ

ढिला_नट (धागाकर्ता)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मोटरसायकलच्या इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचे बोल्ट आवळत होतो, सहा मिलिमीटरचे. जुनं मॅन्युअल म्हणतं १.२ केजीएफ-मीटर (किलोग्रॅम-फोर्स-मीटर). फोनवरच्या कॅल्क्युलेटरने ११.७७ न्यूटन-मीटर सांगितलं. म्हटलं १२ धरू, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा पिळाचा जोर आला की कट्ट आवाज करणारा, १२ वर लावला. पहिले दोन बोल्ट कट्ट आवाज करून बसले. तिसऱ्याला आवाजाची वाट बघत राहिलो, तो आलाच नाही. पाना नुसता मऊ मऊ फिरत राहिला. बोल्ट काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकलेली. भोकातले आटे साफ गेले.

आता प्रश्न असा, की केजीएफ-मीटरला ९.८ ने गुणायचं की १० ने? एका तक्त्यात ९.८१ आहे, दुसऱ्यात ९.८०६६५. कॅल्क्युलेटरने मला फसवलं का?

प्रश्नचिन्ह

रुमाल टाकून ठेवतो. माझेही आटे एकदा असेच गेलेत.

जुनापाना

९.८ ने गुणा नाहीतर १० ने, फरक पडतो २ टक्क्यांचा. क्लिकवाल्या पान्याची स्वतःचीच चूक ४ टक्के इकडे-तिकडे असते. २ टक्क्यांनी आटे जात असते तर जगात एकही गाडी उभी राहिली नसती. चोर दुसरीकडे आहे.

दोन गोष्टी सांगा. १२ हा आकडा पान्याच्या कुठल्या स्केलवर लावलात? आणि आट्यांना तेल होतं का?

ढिला_नट

तेल होतं थोडं, कव्हरवरून ओघळलेलं. स्केल समोरच्या बाजूला आहे, जाड अक्षरात, १० ते ८०. मागे बारीक अक्षरात आणखी एक आहे, १३.६ ते १०८ कायसं. एकक... थांबा, पाना बघून येतो.

आलो. समोर फूट-पौंड. मागे न्यूटन-मीटर.

आता बोलू नका कोणी काही.

जुनापाना

बोलत नाही. पण कॅल्क्युलेटरची माफी मागा.

गणितवाली

ढिला_नट, वाईट वाटून घेऊ नका, या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक हीच. गुणाकार बरोबर असतो आणि उत्तर चुकीच्या पट्टीवर जाऊन बसतं.

१ फूट-पौंड म्हणजे १.३५५८ न्यूटन-मीटर. तुमचे १२ फूट-पौंड झाले १६.२७ न्यूटन-मीटर. हवे होते ११.७७. म्हणजे ३८ टक्के जास्त.

आता ९.८ च्या भानगडीबद्दल. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, शाळेत आपण बलाचं आघूर्ण म्हणायचो तेच. अंतराला कोणाची हरकत नसते. गोंधळ बलात आहे, कारण किलो हे मुळात वस्तुमानाचं एकक. 'एक किलोचं बल' म्हणजे एक किलो वस्तूला पृथ्वी जेवढी ओढते तेवढं. केजीएफ मधला एफ तो, फोर्सचा. पण पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही, म्हणून १९०१ साली वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एक ठरावीक आकडा धरला: ९.८०६६५. ही मोजणी नाही, व्याख्या आहे. म्हणून १ केजीएफ-मीटर बरोब्बर ९.८०६६५ न्यूटन-मीटर. ९.८१ आणि ९.८ ही त्याचीच आखूड रूपं.

मी स्वतः तक्ता पाठ करत नाही. तीन आकडे लक्षात ठेवते: पौंड ०.४५३६ किलो, फूट ०.३०४८ मीटर, आणि हे ९.८०६६५. बाकी सगळं यातून निघतं. तिघांचा गुणाकार केला की १.३५५८ आलंच. फूट-पौंडाचा जादूचा आकडा म्हणतात तो हा, जादू काही नाही. केजीएफ-मीटरवरून थेट फूट-पौंडात जायचं तर ९.८०६६५ वर-खाली कटतो आणि उरतं १ भागिले (०.४५३६ × ०.३०४८), म्हणजे ७.२३३. तुमचे १.२ गुणिले ७.२३३ म्हणजे ८.६८ फूट-पौंड. पाना त्यावर लावायचा होता.

जुनापाना

गणितवाली, इथेच तर खरी मेख आहे. ८.६८ त्या पान्यावर लावताच येत नाही. स्केल १० पासून सुरू होते!

ढिला_नट, रूपांतर शंभर टक्के बरोबर केलं असतंत तरी हा पाना त्या बोल्टासाठी नव्हताच. क्लिकवाल्या पान्याच्या खालच्या टोकाला आतली स्प्रिंग जवळजवळ सैल असते, तिथे भरवसा सगळ्यात कमी. मी स्केलच्या खालच्या पाचव्या हिश्शात काम करतच नाही. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला इंच-पौंडाचा छोटा पाना घ्या. तुमचं १.२ तिथे १०४ इंच-पौंड होतं, फूट-पौंडाच्या बरोब्बर १२ पट.

आणि तेलाचं ऐका. टॉर्क हे साधन आहे, हवा असतो तो बोल्टातला ताण. ढोबळ सूत्र असं: टॉर्क = क × व्यास × ताण. क म्हणजे घर्षणावरून ठरणारा आकडा. कोरड्या पोलादी आट्यांना क धरतात ०.२, तेलकट असतील तर ०.१५ च्या आसपास. आता तुमचा बोल्ट घ्या, व्यास ०.००६ मीटर.

कोरडा आणि ११.७७ न्यूटन-मीटर: ताण साधारण ९,८०० न्यूटन.
तेलकट आणि ११.७७: १३,००० न्यूटन.
तेलकट आणि १६.२७: १८,००० न्यूटन.

सहा मिलिमीटरच्या ८.८ प्रतीच्या बोल्टाची कायमचा न ताणता भार झेलायची मर्यादा ११,६०० न्यूटनच्या घरात. आता १८,००० हा आकडा खरा नाही, तिथवर पोचायच्या आधीच काहीतरी शरण जातं आणि सूत्रही तिथे चालत नाही. तुमच्याकडे ॲल्युमिनियम आधी शरण गेलं. तो मऊ मऊ फिरणारा पाना म्हणजे तेच. क्लिकची वाट बघत हात चालू ठेवला, तिथे घात झाला. पाना फिरतोय आणि जोर वाढत नाही, हे हाताला कळलं की त्या क्षणी थांबायचं असतं.

पहिले दोन बोल्टही काढून बघा. क्लिक आला म्हणजे ते सुखरूप आहेत असं नाही.

ढिला_नट

काढले. एक ठीक दिसतोय. दुसऱ्याची दांडी मधे किंचित बारीक झालीय, आटे तिथे विरळ दिसतात. नवीन नट हाताने चढवला तर अर्ध्यावर अडकतो.

जुनापाना

तो ताणला गेलाय. फेकून द्या, डब्यात परत टाकू नका. डब्यात टाकलेला बोल्ट कधीतरी परत लागतोच.

सर्व्होसूर

एककांचा घोळ बघायचा तर आमच्या रोबोटवाल्यांच्या गल्लीत या. इथे एकाच टेबलावर चार मोटरी असतात, एकीवर केजी-सेंटीमीटर, दुसरीवर औंस-इंच, तिसरीवर न्यूटन-सेंटीमीटर, चौथीवर मिलिन्यूटन-मीटर.

पण सगळ्यात भारी म्हणजे स्वस्त सर्व्होच्या (रोबोटचा हात हलवणारी छोटी मोटर) पाकिटावर छापलेलं 'केजी भागिले सेंटीमीटर'. मधे तिरकी रेघ! मी नवशिका असताना ते खरंच भागाकार म्हणून वाचलं. सर्व्हो '१० केजी/सेमी' चा. म्हटलं दर सेंटीमीटरला १० किलो, आपला हात २० सेंटीमीटर लांब, म्हणजे २०० किलो उचलेल की! वर अर्ध्या किलोची पकड लावली, बटण दाबलं. हात दोन बोटं वर आला, थरथरला, गुरगुरला आणि आतल्या प्लॅस्टिकच्या दात्यांचा कडकड आवाज.

ते गुणाकाराचं एकक आहे. १० केजी-सेंटीमीटर म्हणजे १ सेंटीमीटरवर १० किलो, ५ सेंटीमीटरवर २, आणि २० सेंटीमीटरवर फक्त अर्धा. तोसुद्धा मोटर जागच्या जागी अडकते तेव्हाचा, स्टॉल टॉर्क म्हणतात तो. शिवाय हाताचं स्वतःचं वजन मी धरलंच नव्हतं. आता छापलेल्याच्या तिसऱ्या हिश्शावर डिझाइन करतो.

माझी गल्लीतली रूपांतरं: १ न्यूटन-मीटर म्हणजे १०.२ केजी-सेंटीमीटर, म्हणजे १४१.६ औंस-इंच. आणि १ केजी-सेंटीमीटर म्हणजे १३.९ औंस-इंच. स्टेपर मोटरवर ४२ न्यूटन-सेंटीमीटर लिहिलेलं असतं, तेच कोणी ५९ औंस-इंच म्हणून विकतं. एकच मोटर, पण ५९ बघून लोक तीच घेतात.

प्रश्नचिन्ह

माझी एक बाळबोध शंका. न्यूटन-मीटर म्हणजेच ज्यूल ना? मग टॉर्क ज्यूलमध्ये का नाही सांगत? एका ॲपमध्ये तर टॉर्क ऊर्जेच्याच यादीत टाकलंय.

गणितवाली

ॲपवाल्याने आळस केलाय. घटक सारखे आहेत, वस्तू वेगळी आहे. कामात बल आणि सरकणं एकाच दिशेला असतं. टॉर्कमध्ये बल आणि दांड्याची लांबी एकमेकांना काटकोनात. पान्यावर तुम्ही लोंबकळलात आणि बोल्ट हललाच नाही, तर टॉर्क भरपूर आणि काम शून्य. बोल्ट फिरला की काम सुरू होतं: १ न्यूटन-मीटर टॉर्कने एक अख्खा फेरा मारला की ६.२८ ज्यूल, म्हणजे दोन गुणिले पाय (π). म्हणून टॉर्क न्यूटन-मीटरमध्येच लिहायचा असा संकेत आहे.

इंग्रजी एककांतही याच कारणाने काही जण ऊर्जेला फूट-पौंड आणि टॉर्कला पौंड-फूट असा भेद करतात. पान्यांवर मात्र दोन्ही सर्रास दिसतं, त्यामुळे त्या क्रमावरून कुठलाही अर्थ काढू नका.

लेथवरचा

चर्चा छान चाललीय. यात फ्रेंच मॅन्युअलची भर घाला. जुन्या फ्रेंच गाड्यांच्या पुस्तकात टॉर्क डेकान्यूटन-मीटरमध्ये असतो. १ डेकान्यूटन-मीटर म्हणजे १० न्यूटन-मीटर, म्हणजे केजीएफ-मीटरच्या जवळजवळ बरोबरीने, २ टक्क्यांचाच फरक. जुन्या हातांना ते सोयीचं पडत असावं, आकडे बदलल्यासारखे वाटत नाहीत. पण 'डेका' नजरेतून सुटलं की चूक थेट १० पट. जुन्या जर्मन पुस्तकांत किलोपाँड-मीटर दिसतं, ते केजीएफ-मीटरच, नाव तेवढं वेगळं.

माझी सवय अशी: आकडा वाचला की आधी बोल्टाकडे बघतो. सहा मिलिमीटरला साधारण १० न्यूटन-मीटर, आठला २५, दहाला ५०. ८.८ प्रतीचे साधे बोल्ट धरून. पुस्तकातून निघालेलं उत्तर यापासून दुप्पट-तिप्पट लांब असेल तर एकक चुकलं असं धरून परत पहिल्यापासून.

ढिला_नट

हे आठ-दहा शब्द आधी कोणी सांगितले असते तर! सहाला १०. आता हातावर गोंदवून घेतो.

प्रश्नचिन्ह

अवांतर: पृथ्वी सगळीकडे सारखी ओढत नाही म्हणता, मग ध्रुवावर जाऊन बोल्ट आवळला तर?

गणितवाली

विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. अर्धा टक्का. आणि पान्यातल्या स्प्रिंगला पृथ्वीशी देणंघेणं नाही, तिला फक्त हाताचा जोर कळतो. फरक पडेल तो तुम्ही वजन टांगून पाना तपासत असाल तर, आणि तोही दिसणार नाही इतका. थंडीने गोठलेलं ग्रीस जास्त त्रास देईल.

लेथवरचा

वजन टांगण्यावरून आठवलं, घरच्या घरी पाना तपासायची पद्धत सांगून ठेवतो. चौकोनी टोक व्हाइसमध्ये घट्ट धरा, दांडा आडवा ठेवा. टोकाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा ४० सेंटीमीटर. तिथे दोरीने ५ किलोचं वजन टांगा. झाले २ केजीएफ-मीटर, तोंडी हिशोब. हे एकक कशासाठी जन्माला आलं ते अशा वेळी कळतं. न्यूटन-मीटरमध्ये हवं तर १९.६.

बहुतेक जण इथे एक गोष्ट विसरतात. पान्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं. पाना १ किलोचा आणि तो बोटावर जिथे तोलला जातो ती जागा टोकापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर आणखी ०.२ केजीएफ-मीटर. म्हणजे २ नव्हे, २.२. मी पहिल्यांदा हे धरलं नव्हतं आणि चांगला पाना १० टक्के हलका दाखवतो म्हणून महिनाभर कपाटात टाकून ठेवला होता.

वाटसरू

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझं काम इंजिनांशी, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगतो. टॉर्क आणि फेरे माहीत असले की शक्ती निघते, पण प्रत्येक एककाचा भाजक वेगळा. न्यूटन-मीटर × फेरे प्रति मिनिट ÷ ९५४९ केलं की किलोवॉट. पौंड-फूट असेल तर ÷ ५२५२ आणि उत्तर हॉर्सपॉवरमध्ये. केजीएफ-मीटर असेल तर ÷ ७१६.२ आणि उत्तर मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये, जी किंचित लहान असते, ७३५.५ वॉटची.

करून बघा: ३००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर. पहिल्याने ३१.४ किलोवॉट. दुसऱ्याने ७३.७६ × ३००० ÷ ५२५२ म्हणजे ४२.१ हॉर्सपॉवर. तिसऱ्याने १०.२ × ३००० ÷ ७१६.२ म्हणजे ४२.७ मेट्रिक. इंजिन तेच, पण ब्रोशरवाले ४२.७ छापतील हे सांगायला ज्योतिषी नको.

ते ५२५२ कुठून आलं? जेम्स वॉटने एका घोड्याची शक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरली. त्याला दोन पायने भागा. म्हणूनच पौंड-फूट आणि हॉर्सपॉवरच्या रेघा एकाच पट्टीवर काढल्या तर त्या नेहमी ५२५२ फेऱ्यांवर एकमेकींना छेदतात, इंजिन कुठलंही असो. यावरून लोक इंजिनाच्या स्वभावाबद्दल मोठमोठे सिद्धांत मांडतात. न्यूटन-मीटर आणि किलोवॉटमध्ये काढा, छेद ९५४९ वर जातो. बहुतेक इंजिनं तिथवर पोचतही नाहीत, मग सिद्धांत गेला कुठे?

सर्व्होसूर

वाटसरू, दंडवत. गेली कित्येक वर्षं मी ५२५२ ला इंजिनाचा काहीतरी गूढ बिंदू समजत होतो.

प्रश्नचिन्ह

शेवटची शंका, खरंच शेवटची. पान्याला पुढे जोड लावला तर आकडा बदलतो का? आमच्याकडे एक बोल्ट असा कोपऱ्यात आहे की सॉकेट जातच नाही.

जुनापाना

सॉकेट आणि पाना यांच्यामध्ये उभी दांडी लावली तर नाही बदलत, फिरायचा अक्ष तोच राहतो. पण पुढे आडवा जोड लावून दांड्याची लांबी वाढवली तर बदलतो. पान्याची लांबी ३० सेंटीमीटर, जोड सरळ रेषेत ५ सेंटीमीटरचा, बोल्टाला हवेत ३५ न्यूटन-मीटर: ३५ × ३० ÷ ३५, पाना लावायचा ३० वर. जोड दांड्याला काटकोनात वळवलात तर हिशोबच नको, आकडा जसाच्या तसा. मी शक्य असेल तिथे काटकोनातच लावतो, डोक्याला ताप कमी. आणि लांबी मोजताना मुठीच्या मध्यापर्यंत मोजा, हातही तिथेच धरा.

ढिला_नट

मंडळी, हजेरी लावतो. चार दिवस इकडे फिरकलो नाही कारण हात कामात होते.

गेलेलं भोक मोठं करून त्यात आट्यांची तारेची स्प्रिंग बसवली. तिन्ही बोल्ट नवे. आटे फडक्याने पुसून कोरडे केले. मित्राकडून इंच-पौंडाचा छोटा पाना आणला, ३० ते २००. त्यावरही दोन स्केल निघाल्या! दोन्हींची एककं आधी कागदावर लिहिली, मग १०४ लावले आणि मागच्या बाजूला ११.८ दिसतंय का ते बघितलं. दिसलं.

मग लेथवरच्यांच्या पद्धतीने व्हाइसमध्ये धरून वजन टांगलं. २२ सेंटीमीटरवर ५ किलो, वर पान्याचं स्वतःचं वजन धरून हिशोब आला १.१९ केजीएफ-मीटर. क्लिक आला नाही. वजनाला बोटाने जरासं दाबलं, आला.

तिन्ही बोल्ट बसले. तिसऱ्याला क्लिक आला तेव्हा हात थरथरत होता हे कबूल करतो. इंजिन चालू करून अर्धा तास ठेवलं, तेल कुठे पाझरत नाही.

मोठ्या पान्याच्या समोरच्या बाजूला लाल रंगाने 'फूट-पौंड' लिहून ठेवलंय.

जुनापाना

आणि स्प्रिंग सैल करून ठेवलीत का? सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून मगच पेटीत ठेवा, त्याच्या खाली नको.

ढिला_नट

अरेच्चा. छोटा पाना १०४ वरच आहे. उठतो.